गुळवेलीचा काढा थांबवायचा कधी, हे कुणी सांगितलंच नाही

२०२१ च्या जुलै महिन्याच्या सुरुवातीला मुंबईतल्या काही यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत हे सहा जण यकृताला इजा झालेल्या अवस्थेत त्यांच्याकडे आले होते. वयं वेगळी, आधीचे आजार वेगळे. विचारपूस करता करता सगळ्यांच्या बाबतीत एक गोष्ट सारखी निघाली: सगळे गुळवेल घेत होते. कुणी वेलीची काडी उकळून पीत होतं, कुणी त्यात दालचिनी आणि लवंग घालत होतं, कुणी दुकानातून आणलेलं तयार सिरप घेत होतं. काहींचं हे काही आठवडे चाललं होतं, काहींचं कित्येक महिने. सहांपैकी एका महिलेचा पुढे मृत्यू झाला.

हा निबंध ‘जर्नल ऑफ क्लिनिकल अँड एक्स्पेरिमेंटल हेपॅटॉलॉजी’ या नियतकालिकात आला. त्याच्या बातम्या झाल्या, पाठोपाठ आयुष मंत्रालयाचा खुलासा आला आणि बघता बघता लोकांत दोन तट पडले. एकीकडे ‘सगळा झाडपाला विषारी’ म्हणणारे, दुसरीकडे ‘हा आयुर्वेदाला बदनाम करण्याचा डाव आहे’ म्हणणारे. या ओढाताणीत त्या सहा माणसांचं नेमकं काय झालं होतं, हे वाचायला फार थोडे लोक थांबले.

मी एका उपनगरात सर्वसाधारण दवाखाना चालवतो. साथीच्या काळात माझ्याकडे येणाऱ्या घरांपैकी काढा उकळत नाही असं घर शोधावं लागलं असतं. म्हणून हे प्रकरण मला फार जवळचं वाटतं. यात कुणी भोंदूबाबा नाही, कुणी लाखो रुपये उकळले नाहीत. घरातल्या सगळ्यात काळजीवाहू माणसाने, परंपरेने मानलेली वनस्पती, चांगल्या हेतूने दिली. तरी इजा झाली. माझ्या मते याचं मोठं कारण असं की घरगुती औषधाला जी मुदत असते, ती महासाथीत गळून पडली. काढा सुरू करायला सगळ्यांनी सांगितलं, बंद कधी करायचा हे कुणीच सांगितलं नाही.

काढा घरात आला कसा

९ मार्च २०२० ला पुण्यात राज्यातले पहिले करोनाबाधित सापडले. २५ मार्चपासून देश बंद झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस आयुष मंत्रालयाने प्रतिकारशक्तीसाठी घरच्या घरी करायच्या गोष्टींची एक यादी जाहीर केली. दिवसभर कोमट पाणी प्या, स्वयंपाकात हळद, जिरे, धने, लसूण वापरा, सकाळी दहा ग्रॅम च्यवनप्राश घ्या. तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुका यांचा काढा दिवसातून एकदा किंवा दोनदा. दीडशे मिलिलिटर गरम दुधात अर्धा चमचा हळद. नाकपुडीत तिळाचं किंवा खोबरेल तेल नाहीतर तूप. कोरडा खोकला असेल तर पुदिना किंवा ओवा घालून वाफ. १४ एप्रिलच्या भाषणात पंतप्रधानांनीही कोमट पाणी आणि काढ्याचा उल्लेख केला आणि या सूचना पाळायला सांगितलं.

ही यादी नीट वाचली तर दोन गोष्टी लक्षात येतात. हे कोविडवरचे उपचार असल्याचा दावा आम्ही करत नाही, असं तिथे लिहिलं होतं. ती ओळ कुणी पुढे पाठवली नाही. आणि त्या काढ्यात गुळवेल नव्हतीच. तिथे होते ते मसाल्याच्या डब्यातले आणि तुळशीवृंदावनातले जिन्नस, वर्षानुवर्षं आपल्या चहात आणि स्वयंपाकात मुरलेले.

गुळवेल नंतर आली, आणि चहूबाजूंनी आली. व्हॉट्सअ‍ॅपवर आली, टीव्हीवरच्या जाहिरातींतून आली, औषधाच्या दुकानात सॅनिटायझरच्या शेजारी रस, गोळ्या आणि सिरप होऊन आली. भाजीवाल्यांकडे गवती चहा आणि तुळशीच्या बरोबरीने तिच्या काड्यांच्या जुड्या दिसू लागल्या. ज्यांच्या कुंपणावर ती आपोआप वाढलेली होती, त्यांच्याकडे शेजारीपाजारी मागायला येऊ लागले. कडुनिंबावर चढलेली वेल सगळ्यात गुणकारी, असं म्हणत लोक सकाळी फिरायला गेले की नेमकी तीच तोडून आणत.

आणि का आणू नये? २०२० च्या उन्हाळ्यात माणसांच्या हातात दुसरं होतं काय? लसीकरण सुरू व्हायला १६ जानेवारी २०२१ उजाडायचा होता. बरेच खासगी दवाखाने बंद होते. हात धुवा, मास्क लावा, घरात बसा, या सगळ्या न करण्याच्या किंवा अंग आखडून घेण्याच्या गोष्टी. काढा ही करण्याची गोष्ट होती. घरातल्या बाईला त्यातून आपण आपल्या माणसांसाठी काहीतरी करतोय असं वाटायचं, आणि ते वाटणं खरं होतं. त्याची टिंगल करणारे डॉक्टर मला तेव्हाही आवडले नाहीत.

एका घरी मी हे जवळून पाहिलं. रात्री बोटाएवढ्या जाडीच्या कांड्या धुऊन घ्यायच्या. गुळवेलीची वरची साल कागदासारखी पातळ, नखाने खरवडली की सुटते आणि आतून हिरवा रंग दिसतो. कांडी आडवी कापली तर आत चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी असते. या कांड्या खलबत्त्यात ठेचून पातेल्यात भिजत घालायच्या. सकाळी त्याच पाण्यात चार मिरी, दालचिनीचा तुकडा, थोडी सुंठ टाकून उकळायचं. पाणी ‘बऱ्यापैकी’ आटलं की गाळायचं. मग ओट्याशी उभं राहून एकेकाला हाक मारायची. सासऱ्यांना कप, नवऱ्याला कप, मुलांना अर्धा कप गूळ घालून, आणि पातेल्यात उरेल ते स्वतःला. चव इतकी कडू की मुलं नाक दाबून पीत. कुणी नको म्हणालं तर तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. हे रोज. पावसाळा आला आणि गेला, तरी रोज.

जुन्या काढ्याला माप होतं

शार्ङ्गधरसंहितेत काढ्याची कृती स्पष्ट सांगितली आहे: एक पल (हे जुनं वजनाचं माप) भरड औषध, सोळापट पाणी, मातीच्या भांड्यात आटवून आठवा हिस्सा उरवायचा. आजच्या भारतीय आयुर्वेदिक औषधसंहितेत गुळवेलीच्या चूर्णाची मात्रा तीन ते सहा ग्रॅम आणि काढ्यासाठी वीस ते तीस ग्रॅम अशी दिलेली आहे. म्हणजे ज्या परंपरेच्या नावाने आपण काड्या उकळत होतो, तिने माप ठरवून ठेवलेलं होतं. ‘एक काडी’ हे माप नव्हे. करंगळीएवढी काडीही एक आणि अंगठ्याएवढीही एकच. कुणी भांडंभर पाण्यात पाच मिनिटं उकळली, कुणी अर्ध्या पेल्यात दहा-बारा तुकडे टाकून तासभर आटवलं. दोघेही दुसऱ्या दिवशी ‘मी गुळवेल घेतो’ असंच सांगणार.

मापापेक्षाही मला मुदत महत्त्वाची वाटते. घरातल्या जुन्या बायका काढा करायच्या तो कुणाला तरी काहीतरी झाल्यावर. ताप आला, काढा सुरू. ताप उतरला, तोंडाला चव आली, काढा बंद. आजारीपण संपलं की औषध आपोआप संपायचं, त्यासाठी वेगळी तारीख लिहून ठेवायची गरज नव्हती. शिवाय देणारीचं लक्ष त्या एका आजारी माणसावर असायचं. जीभ कशी आहे, लघवीचा रंग कसा आहे, जेवला किती, हे ती बघत असे.

महासाथीत काढा निरोगी माणसांनी घेतला, न झालेल्या आजारासाठी. न झालेला आजार बरा कसा होणार? करोना देशात होता तोवर काढा चालू राहणार हे ओघानेच आलं, आणि करोना जायचं नाव घेत नव्हता. ६ ऑक्टोबर २०२० ला केंद्र सरकारने आयुर्वेद आणि योगावर आधारलेली उपचारपद्धती जाहीर केली. तिच्यात गुळवेल होती: गुडूची घनवटी (गुळवेलीच्या आटवलेल्या अर्काची गोळी), पाचशे मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पंधरा दिवस किंवा एक महिना, अथवा वैद्य सांगतील तसं. हे शब्द माझ्या दृष्टीने फार मोलाचे आहेत. सरकारी आयुर्वेदिक कागदावरही मुदत लिहिलेली होती, आणि ती एका महिन्याची होती. पण तोवर घराघरांत पाच-सहा महिने काढा पिऊन झाला होता, आणि मुंबईतले पहिले रुग्ण दवाखान्यात पोचलेही होते.

यकृतात काय झालं

या सहा जणांच्या तपासण्यांमध्ये डॉक्टरांना दिसलं ते चित्र स्वयंप्रतिकारक यकृतदाहासारखं होतं. म्हणजे शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटली होती. हा आजार गुळवेल नसतानाही होतो, पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये जास्त दिसतो, आणि थायरॉइडसारखे इतर स्वयंप्रतिकारक आजार असलेल्यांमध्ये त्याची शक्यता वाढते. कित्येकांत तो वर्षानुवर्षं काहीही जाणवू न देता दडून असतो.

साथीच्या काळात ‘इम्युनिटी’ हा शब्द दुधाच्या पिशवीपासून गादीच्या जाहिरातीपर्यंत सगळीकडे चिकटला होता. त्याचा अर्थ लोकांनी असा घेतला की प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितकी चांगली. शरीर तसं चालत नाही. प्रतिकारशक्तीला परका कोण आणि आपला कोण हे ओळखावं लागतं, आणि काम झाल्यावर शांत व्हावं लागतं. ज्यांच्यात ही ओळखच मुळात डळमळीत आहे, त्यांच्यात तिला महिनोन्‌महिने डिवचत राहणं धोक्याचं ठरू शकतं. गुळवेलीचा प्रतिकारशक्तीवर परिणाम होतो हे आयुर्वेदाचे अभ्यासकही अभिमानाने सांगतात. परिणाम होतो म्हटल्यावर तो सगळ्यांवर चांगलाच होईल, असं गृहीत धरता येत नाही.

आणि आता या प्रकरणातली मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट. यकृताला सूज येऊ लागली की सुरुवातीला काय होतं? थकवा येतो, भूक मरते, मळमळतं, अंगात कणकण वाटते. २०२० साली ही लक्षणं दिसली की घरातलं माणूस काय म्हणणार? ‘बघ, अशक्तपणा आलाय, काढा दोनदा घे.’ पुढे डोळे पिवळे झाले तरी काढा थांबेल याची खात्री नाही, कारण परंपरेत गुळवेल हे कावीळीवरचंच औषध आहे. औषधसंहितेत तिच्या उपयोगांत ज्वर, पांडू, प्रमेह यांच्याबरोबर कामला, म्हणजे कावीळही आहे. म्हणजे ज्या गोष्टीमुळे कावीळ झाली असण्याची शक्यता आहे, तीच गोष्ट कावीळ उतरवण्यासाठी वाढवली जाण्याची पुरेपूर सोय होती. असं वर्तुळ बाहेरच्या माणसाने येऊन तोडल्याशिवाय तुटत नाही.

दवाखान्यात जे बोललं जात नाही

बाहेरचा माणूस म्हणजे डॉक्टर. पण डॉक्टरला कळायला हवं ना. माझ्या खोलीत हा संवाद त्या काळात किती वेळा झाला असेल:

“काही औषध चालू आहे का, काकू?”

“थायरॉइडची गोळी तेवढी.”

“आणखी काही?”

“नाही हो डॉक्टर, दुसरं काही नाही.”

“घरचं काही? काढा, चूर्ण, रस?”

“काढा होय? तो तर आम्ही सगळेच घेतो.”

काकू काही लपवत नव्हत्या. त्यांच्या लेखी काढा औषधात मोडतच नाही, तो स्वयंपाकघरात मोडतो. म्हणून ‘औषध घेता का’ या प्रश्नाचं त्यांनी दिलेलं उत्तर प्रामाणिकच होतं. काही जण मात्र खरंच लपवतात, कारण आधी कुठल्या तरी डॉक्टरने ‘कसले हे पाले उकळता’ म्हणून खडसावलेलं असतं. एकदा अपमान झाला की माणूस पुढच्या डॉक्टरलाही सांगत नाही. खडसावणाऱ्याला हे कधीच कळत नाही, कारण तो रुग्ण परत येतो तेव्हा गप्प असतो.

कावीळीचा रुग्ण आला की आपल्याकडे आधी दूषित पाण्यातून येणारे ए आणि ई हे विषाणू तपासतात, मग बी आणि सी, सोबत सोनोग्राफी. हे सगळं नकारार्थी आलं की औषधाची शंका आणि स्वयंप्रतिकारक आजाराच्या चाचण्या, गरज वाटली तर बायोप्सी. या सगळ्यात दिवस जातात, पैसे जातात. काढ्याचा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला तर निदान पातेलं तरी त्याच दिवशी गॅसवरून उतरतं.

मंत्रालयाचं म्हणणं आणि पुढचे पुरावे

७ जुलै २०२१ ला आयुष मंत्रालयाने निवेदन काढून या निष्कर्षावर आक्षेप घेतला. गुळवेलीचा संबंध यकृताच्या इजेशी जोडणं दिशाभूल करणारं आहे, रुग्णांनी नेमकी कोणती वनस्पती घेतली हे अभ्यासकांनी तपासलेलं नाही, असा त्यांचा मुख्य मुद्दा होता. गुळवेलीची, म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाची, एक जवळची बहीण आहे टिनोस्पोरा क्रिस्पा. आग्नेय आशियात ती औषध म्हणून वापरतात आणि तिच्यामुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आधीपासून आहेत. दोन्हींची पानं हृदयाच्या आकाराची. क्रिस्पाच्या खोडावर मात्र चामखिळींसारखे फोड दाटीने असतात. रुग्णांनी चुकून ती घेतली असेल तर?

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सकाळी फिरताना दुसऱ्याच्या कुंपणावरून वेल ओरबाडून आणणाऱ्या शहरी माणसाला दोन वेलींतला फरक कळेल, याची हमी मी तरी देणार नाही. पण तो आक्षेप मान्य केला तर त्यातून निघतं काय? ज्या घरगुती वापराला इतकं प्रोत्साहन मिळालं, त्यात माणसं नेमकं काय पितायत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. रुग्णाच्या दृष्टीने हा दिलासा कसा म्हणायचा? कारखान्यात तयार झालेल्या आयुर्वेदिक औषधाला परवाना लागतो. त्याच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी यंत्रणाही देशात आहे आणि तिचं मुख्य केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. कुंपणावरच्या वेलीला ना परवाना, ना नोंद.

पुढच्या वर्षी, २०२२ मध्ये, देशातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांचा अभ्यास ‘हेपॅटॉलॉजी कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात मांडला. त्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या. सोबतच्या आजारांत थायरॉइड कमी असणं आणि मधुमेह सर्वाधिक आढळले. कुणाला नवाच यकृतदाह झाला होता, कुणाचा आधीपासूनचा यकृताचा आजार एकाएकी बळावला होता, काहींचं यकृत निकामी होण्यापर्यंत गेलं. गुळवेल सुरू केल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा मध्यक काळ ४६ दिवसांचा निघाला. मंत्रालयाने मात्र फेब्रुवारी २०२२ मध्येही गुडूची सुरक्षित असल्याचं पुन्हा सांगितलं.

४६ हा आकडा वाचला तेव्हा मला ऑक्टोबर २०२० च्या सरकारी कागदावरचा ‘पंधरा दिवस किंवा एक महिना’ आठवला. याचा अर्थ महिन्याच्या आत घेतली तर काहीच होत नाही असा लावू नये. मध्यक म्हणजे निम्म्या लोकांना त्याआधीच लक्षणं दिसली. अशी इजा मात्रेच्या हिशेबाने होतेच असंही नाही, ती ज्याच्या त्याच्या शरीराच्या घडणीवर अवलंबून असते. म्हणून एकाच पातेल्यातला काढा पिऊन घरातल्या चौघांना काहीच होत नाही आणि पाचवीचे डोळे पिवळे होतात. पण पाचवीचे डोळे पिवळे व्हायच्या आधी काढा थांबण्याचा एकही ठरलेला दिवस नसणं, हा दोष माणसांनी निर्माण केलेला आहे आणि तो टाळता येण्यासारखा होता.

दुसरी बाजूही सांगायला हवी. अगणित लोकांनी गुळवेल घेतली आणि नोंद झालेले रुग्ण काही डझन आहेत. नोंद न झालेले कितीतरी असतील असं धरलं, तरी ही इजा विरळाच म्हणावी लागेल. ज्याने चार महिने काढा घेतला आणि धडधाकट आहे त्याने आता घाबरायचं काही कारण नाही. पण ‘आमच्या आजीने जन्मभर घेतली, कुणाला काही झालं नाही’ हा युक्तिवाद मला पटत नाही. आजीच्या काळात कुणाचं एसजीपीटी (यकृताची इजा दाखवणारी रक्तचाचणी) तपासलं जात होतं? कावीळ होऊन माणूस गेलं तर ते कावीळीने गेलं. आधी कोणता काढा घेतला होता हे विचारायची रीत नव्हती, आणि विचारूनही काही ताडून पाहता आलं नसतं.

मग घरात काय करायचं

घरगुती उपायांची मोळी बांधून फेकून द्या असं मी म्हणणार नाही. खोकल्यावर मध चांगला लागू पडतो, फक्त एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात देऊ नये, कारण त्यातून बॉट्युलिझम हा जिवावरचा आजार होऊ शकतो. घसा दुखत असताना कोमट पाणी, मिठाच्या गुळण्या, आल्याचा चहा यांनी आराम पडतो. दुधात अर्धा चमचा हळद वेगळी आणि हळदीचा अर्क मिरीच्या अर्कासोबत भरलेली कॅप्सूल वेगळी. मिरीमुळे हळदीतला घटक शरीरात कितीतरी जास्त शोषला जातो. अशा कॅप्सूलनंतर यकृताला इजा झालेले रुग्ण अमेरिकेत नोंदले गेले आहेत. स्वयंपाकघरातला जिन्नस बाटलीत गेला की त्याच्याकडे औषध म्हणूनच बघायचं.

गुळवेलीबद्दल मी माझ्या रुग्णांना जे सांगतो ते असं. यकृताचा कोणताही जुना आजार, थायरॉइडचा स्वयंप्रतिकारक आजार, संधिवात, ल्युपस, सोरायसिस यांपैकी काही असेल, किंवा अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, तर स्वतःच्या मनाने गुळवेल घेऊ नका. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी विचारा, कारण ती साखर उतरवणारी म्हणून ओळखली जाते आणि दोन्ही मिळून साखर जास्त खाली जाऊ शकते. गरोदर बाईला आणि लहान मुलाला घरचा काढा म्हणून सरसकट पाजू नका. वैद्यांनी दिली असेल तर किती दिवस घ्यायची ते त्यांच्याकडून लिहून घ्या. चांगला वैद्य ते सांगतोच. माझ्या ओळखीतले वैद्य तर पंधरा दिवसांनी नाडी दाखवायला या म्हणून बजावतात, आणि ‘रोज पीत राहा’ असं सांगणाऱ्या जाहिरातींवर माझ्यापेक्षा जास्त चिडतात.

लघवी चहासारखी गडद होणं, डोळे पिवळट दिसणं, अंगाला खाज सुटणं, अन्नाचा वास नकोसा होणं, यांपैकी काही सुरू झालं की काढा, चूर्ण, रस, सिरप सगळं त्याच दिवशी बंद करा आणि रक्ताची यकृताची चाचणी करून घ्या. साधी चाचणी असते, बहुतेक गावांतल्या प्रयोगशाळेत होते. काढा बंद केला आणि आकडे उतरू लागले तर डॉक्टरला एक दिशा मिळते. काहींना त्यानंतरही स्टेरॉइडची गरज लागते, त्यामुळे ‘बंद केला, आता आपोआप बरं होईल’ म्हणून घरी थांबू नका. आणि बरं झाल्यावर पुढच्या साथीत पुन्हा तीच वेल उकळायला घेऊ नका. दुसऱ्या खेपेला इजा लवकर आणि जास्त होऊ शकते.

आणखी एक काम घरच्यांनी करण्यासारखं आहे. जी काडी उकळत होतात तिचा पानासकट तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा. सिरप किंवा गोळ्या असतील तर बाटली टाकू नका, तिच्यावरचा बॅच क्रमांक लागतो. काढा कोणत्या महिन्यात सुरू केला, दिवसातून किती वेळा घेत होतात, त्यात आणखी काय घालत होतात, हे एका कागदावर लिहून तो तुकडा आणि कागद दोन्ही दवाखान्यात घेऊन या. ती वेल कॉर्डिफोलिया होती की क्रिस्पा, यावरून मुंबईच्या त्या रुग्णांबद्दल वाद झाला. तुमच्या बाबतीत वनस्पतिशास्त्राचा कुणीही जाणकार ते काडी हातात घेऊन सांगू शकेल.